चार थाऊंची जागा

आमच्या गॅरेजमधून कुठलंही इंजिन चहाशिवाय बाहेर पडत नाही. जोडणी झाली, इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, की आई काठोकाठ भरलेला कप घेऊन येते. आबा, म्हणजे माझे वडील, तो कप चालत्या इंजिनाच्या डोक्यावर ठेवतात. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. त्या वेळी कुणाला शिंकायचीही सोय नसते. कपातून थेंब सांडला नाही आणि कानाला काही खटकलं नाही, तर आबा डोळे उघडतात, चहा उभ्यानेच संपवतात आणि म्हणतात, "जाऊ दे." एवढंच. ते शब्द निघाले नाहीत तर इंजिन परत टेबलावर चढतं, मग गिऱ्हाईक बाहेर वाट बघत असो नाहीतर रडत असो.

या धंद्यात आबांना सगळे 'कान' म्हणतात. कानाकडचं इंजिन वाजत नाही, अशी ख्याती आहे. ख्याती चांगली, पण तिच्यासोबत राहणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. घरात पंखा कुरकुरला तरी हा माणूस जेवणावरून उठतो.

मी या गॅरेजमध्ये वाढले. इंजिन जोडते मी, पण त्यात काय घालायचं ते ठरवणार आबा. दातांचे एक डॉक्टर गाडीला टर्बो बसवून मागायला आले तेव्हा मात्र आबांनी हात वर केले. "टर्बोचं हे खूळ माझं नाही. पार्ट तू निवड, जोड तू." सिलिंडर घासायचं काम तेवढं त्यांनी स्वतःकडे ठेवलं, कारण आमच्या होनिंग मशीनला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नाही. आणि "जाऊ दे" अर्थातच त्यांचं. ते मिळालं तर मी मिस्त्री, नाही मिळालं तर पुन्हा रॉकेलच्या ट्रेत हात घालून नट धूत बसायचं. आबा तसं बोलले नव्हते. त्यांना बोलावं लागत नाही.

दातांचे डॉक्टर मोठे लाघवी. पेशंटच्या तोंडात कापूस कोंबून मग मुलाबाळांची चौकशी करायची सवय, त्यामुळे समोरच्याने उत्तर दिलं की ते दचकतात. त्यांची गाडी लांबलचक, फिक्या पिवळ्या रंगाची, जुनी, मागच्या काचेपाशी टिश्यूपेपरचा डबा. तिच्यात त्यांना साडेसहाशे हॉर्सपॉवर हवी होती.

"कशाला?" मी विचारलं.

"मेव्हणा," डॉक्टर म्हणाले.

मेव्हण्याने नवी स्पोर्ट्सकार घेतली होती आणि तेव्हापासून तो प्रत्येक जेवणात डॉक्टरांना ओव्हरटेक करत होता. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर दोघांची शर्यत ठरली होती. डॉक्टरांनी पार्टांची पुस्तकं चाळून जागोजागी खुणा करून आणल्या होत्या. जे सगळ्यात महाग ते सगळ्यात मजबूत आणि जे सोनेरी ते त्याहून मजबूत, असा त्यांचा हिशेब.

"हे बघा ताई, मला सगळंच मजबूत पाहिजे. काही तुटायलाच नको."

"तसं नसतं डॉक्टर. टर्बो सिलिंडरमध्ये हवा कोंबतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, म्हणजे स्फोट मोठा. तुमचे मूळचे पिस्टन ओतीव आहेत, ते पहिल्यांदा फुटतील. पिस्टन घडीव घातले की कनेक्टिंग रॉड वाकतील. रॉड घडीव घातले की त्यांचे बोल्ट ताणतील. बोल्ट बदलले की हेड उचललं जाईल. हेडला जाड स्टड मारले की गिअरबॉक्स."

"आणि गिअरबॉक्सही मजबूत केला तर?"

"मग शेवटी मेव्हणाच तुटेल, दुसरं काय."

डॉक्टर खूश झाले. तेव्हापासून मी सांगेन ते त्यांना पटू लागलं. क्रँकशाफ्ट मूळचाच ठेवला, तो कारखान्यातूनच घडीव आलेला आणि भक्कम होता. रॉड घेतले जाड कमरेचे. बोल्ट असे, की आवळताना किती ताणले ते मोजता यावं. पिस्टनवरच्या रिंगांची तोंडं मी स्वतः कानशीने घासून जास्त उघडी ठेवली, कारण गरम झाल्यावर ती एकमेकांना भिडली की पिस्टनचे तुकडे होतात. सोनेरी काही घेतलं नाही. डॉक्टर थोडे हिरमुसले, म्हणून तेलाचं झाकण सोनेरी घेतलं.

भांडण झालं ते पिस्टनवरून.

घडीव पिस्टनांत दोन जाती. एकीच्या धातूत सिलिकॉन जास्त. तो तापल्यावर कमी फुगतो, म्हणून सिलिंडरमध्ये जवळजवळ चिकटून बसवता येतो आणि थंड असतानाही आवाज करत नाही. पण सोसण्यापलीकडे धक्का बसला तर तडकतो. दुसरी जात चिवट. हाणामारी सोसते, पण तापली की चांगली फुगते. म्हणून तिच्याभोवती मोकळी जागा ठेवावी लागते, चार थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. चार थाऊ म्हणजे एखादा जाड केस. आपल्याला दिसणारही नाही, पण थंड इंजिनात तेवढ्या जागेत पिस्टन डुलतो आणि खडखडतो. इंजिन तापलं की फुगून नीट बसतो आणि गप्प होतो.

"शांतवाला घे," आबा म्हणाले.

"साडेसहाशेला शांतवाला टिकणार नाही. मी चिवट घेतेय."

"तो वाजतो."

"थंडच असताना. दहा मिनिटं कळ काढायची."

"माझ्या गॅरेजमध्ये दहा मिनिटं वाजणारं इंजिन?" आबांनी हा प्रश्न मला नाही, भिंतीवरच्या पान्यांना विचारला.

"पार्ट मी निवडायचे असं ठरलंय."

"निवड की. मी कुठे नाही म्हणतोय?" असं म्हणून ते आत गेले आणि पंख्याला तेल देत बसले. मला वाटलं, जिंकले. आबा वाद अर्ध्यावर सोडून उठले की घाबरायचं असतं, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

पिस्टन आले, ब्लॉक मशीनवर चढला. मी खडूने ब्लॉकवरच मोठ्ठं 'चार' लिहिलं. आबांनी घासलं, गेज आत घालून मोजलं आणि "झालं," म्हणाले. आता आमच्याकडे एक रीत आहे. आबांनी मोजलेलं पुन्हा मोजायचं नाही. कुणी तसं सांगितलेलं नाही, पण एकदा माझ्या काकांनी मोजलं होतं आणि ते आता भाजीचं दुकान चालवतात. माझा हात गेजकडे गेला होता, खोटं कशाला बोलू. आबांनी नुसतं बघितलं. मी हात मागे घेतला आणि त्याच हाताने नाक खाजवलं.

जोडणी मी जीव ओतून केली. रिंगा चढवलेला पिस्टन सिलिंडरमध्ये जाताना भोवती जागा किती आहे ते हाताला कळत नाही, रिंगाच दाटून बसलेल्या असतात. सगळं कसं लोण्यासारखं आत गेलं. टर्बो बसवला, तेल भरलं, सोनेरी झाकण लावलं. डॉक्टर दवाखाना बंद करून आले, कपाळावरचा दिवा काढायचंही भान नव्हतं. मी त्यांना पाचव्यांदा बजावलं, "सुरुवातीला खडखडेल. घाबरायचं नाही."

"मी रोज ड्रिल ऐकतो ताई. मला कसली भीती?"

किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि सुरू झालं.

आणि गप्प.

म्हणजे चालू होतं, पण असं मऊ, की बाजूच्या गाडीच्या टपावरच्या कावळ्यानेही मान वळवली नाही. आईने कप आणला. आबांनी तो डोक्यावर ठेवला. चहावर सुरकुतीसुद्धा नाही. आबांनी स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मी ते माझ्या बारशाच्या फोटोतही पाहिलेलं नाही. आई हसत होती. डॉक्टर टाळ्या वाजवायला हात वर करून थांबले होते.

मी खडखड शोधत होते. वाकून ऐकलं, खालून ऐकलं, एका बाजूला हात ठेवून ऐकलं. इंजिन थंड होतं, पिस्टन चिवट होते, चार थाऊंची जागा होती, आणि आवाज नव्हता. म्हणजे या तिन्हींपैकी एक गोष्ट खोटी होती. थंड तर हाताला लागत होतं. पिस्टन मी स्वतः खोक्यातून काढले होते.

आबांनी डोळे उघडले. कप उचलला, चहा संपवला. माझ्याकडे बघून, अगदी माझ्याकडे बघून म्हणाले, "जाऊ दे."

हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते ते सांगत नाही, लाज वाटते. डॉक्टर टाळ्या वाजवत गाडीत चढले. "जरा रस्त्यावर नेऊन दाबून बघतो!"

मी खिडकीतून हात घालून किल्ली बंद केली.

"नाही जाणार."

आमच्या गॅरेजमध्ये हे वाक्य आबांशिवाय कुणी बोललेलं नव्हतं. आईने कप छातीशी धरला.

"काय खटकलं?" आबांनी विचारलं. आवाज खाली गेला होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"काहीच खटकलं नाही. तेच खटकलं. आबा, किती ठेवलंत?"

"ठेवायचं तेवढं ठेवलं."

"चार?"

आबा स्क्रूड्रायव्हर फडक्याने पुसायला लागले. तो स्वच्छच होता.

"आबा."

"दोन," ते म्हणाले.

डॉक्टर आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांना सांगितलं, की आता रस्त्यावर जाऊन दाबलं असतं तर पिस्टन फुगून सिलिंडरला धरून बसले असते, इंजिन जागच्या जागी जाम झालं असतं आणि मेव्हण्याने आपल्याला दोरीने ओढत घरी आणलं असतं. 'मेव्हण्याने' म्हटल्यावर डॉक्टर चटकन गाडीतून उतरले.

"मी खडूने लिहिलं होतं," मी ओरडले. "एवढं मोठं!"

"वाचलं मी. कंपनीवाले आळशी लोकांसाठी आकडा सैल सांगतात. ज्याचा हात बसलाय त्याने—"

"हाताचा काय संबंध? धातू फुगतो, आबा! तुमचा हात बघून तो फुगायचा थांबणार आहे का?"

"चार थाऊ ठेवले तर बादलीत गोटे घातल्यासारखं वाजणार!" आता आबाही ओरडले. "तुझं पहिलं इंजिन. हे डॉक्टर धावपट्टीवर जाणार, चार माणसांत बॉनेट उघडणार, आणि लोक म्हणणार, कानाच्या पोरीने जोडलंय, ऐका कसं खडखडतंय. हसणार तुला. मला ते ऐकवणार नाही." मग ते थांबले आणि हळूच म्हणाले, "माझ्या इंजिनाला हसले असते तर चाललं असतं."

मला त्या क्षणी त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि सतराचा पाना फेकून मारावासाही वाटला. दोन्हीपैकी काहीच केलं नाही. मशीनसाठी ब्लॉकवर लिहिलेलं 'चार' अजून पुसलं गेलं नव्हतं, तिकडेच बघत राहिले.

बोलली ती आई. "तुम्ही सकाळी उठल्यावर किती खडखडता, ठाऊक आहे का?"

"मी?" आबा म्हणाले.

"पेपर कुठे, चष्मा कुठे, नळ कुणी उघडा ठेवला. पोटात चहा जाऊन अंगात ऊब येईपर्यंत हे चालतं. मग दिवसभर बरे असता. तोवर घरातला प्रत्येक जण तुमच्यापासून हातभर लांब असतो. ती जागा आम्ही ठेवतो म्हणून हे घर चालतं. वाजता म्हणून मी तुम्हाला कधी परत केलं का?"

डॉक्टरांना हसू आवरेना, म्हणून त्यांनी उगाच कपाळावरचा दिवा लावला.

इंजिन परत टेबलावर आलं. हेड उघडलं, पिस्टन खाली काढले. डॉक्टरांनी आपला बारीक आरसा आणि भिंग आणलं होतं, ते प्रत्येक पिस्टन दाढेसारखा फिरवून बघायला लागले. तिसऱ्याच्या कडेला थांबले. "इथे सुरुवात झालीय. किडीची."

पिस्टनच्या बाजूला नखाएवढा डाग होता, घासून काळपट चमकणारा. इंजिन नीट तापलंही नव्हतं, नुसतं जागेवर चाललं होतं, तरी एवढं झालं होतं. आबांनी त्यावर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. हा माणूस आवाजावरून रोग सांगतो, पण हा रोग आवाज न करता आला होता. त्यांचा चेहरा पाहून माझा सगळा राग उतरला, आणि त्याचाही मला राग आला. निदान संध्याकाळपर्यंत तरी टिकायला हवा होता.

नशीब एवढंच, की घट्ट राहिलेलं सैल करता येतं. उलटं असतं तर नवा ब्लॉक शोधावा लागला असता. आबांनी ब्लॉक मशीनवर चढवला.

"किती?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"चार."

ते घासत राहिले. मधूनमधून पुसायचे, मोजायचे, पुन्हा घासायचे. शेवटी मशीन बंद केलं, हात धुतले, आणि गेज उचलून माझ्यापुढे धरलं.

"मोज."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आई दारात उभी होती, ती म्हणाली, "अगं घे की, हात दुखेल त्यांचा."

मी मोजलं. पहिला सिलिंडर वर, मध्ये, खाली. मग दुसरा. आबा शेजारी उभे होते, शाळेत पेपर तपासून घेताना उभं राहतात तसे. चौथा संपेपर्यंत मी काही बोलले नाही, मुद्दामच. बरोबर चार. अर्ध्या थाऊचा फरक नाही. मनात आलं तर हा माणूस काय करू शकतो, आणि मनात आलं नाही तर काय करतो!

डागाळलेला पिस्टन मी बदलला. शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी, गार हवेत, आम्ही पुन्हा किल्ली फिरवली.

देवा रे. आधी मलाच वाटलं काहीतरी निखळलं. खडखडखडखड, जणू कुणी जिन्यावरून चमच्यांचा ट्रे सोडलाय. टपावरचा कावळा उडून गेला. समोरच्या शिंप्याने मशीन थांबवून डोकं बाहेर काढलं. डॉक्टर तोंडाने "घाबरायचं नाही, घाबरायचं नाही" म्हणत होते आणि घाबरले होते.

आईने सवयीने कप आणला. आबांनी सवयीने तो इंजिनाच्या डोक्यावर ठेवला. कप थरथरला, सांडला, मग टुणटुण करत कडेपर्यंत चालत गेला आणि खाली पडून फुटला. त्या कपाने या गॅरेजमधल्या प्रत्येक इंजिनाचा निकाल दिला होता. आम्ही सगळे तुकड्यांकडे बघत राहिलो.

"कानच फुटला होता त्याचा," आई म्हणाली. "मी कधीची फेकणार होते."

शिंपी रस्ता ओलांडून आला. "आबा, हे तुमच्याकडचं? वाजतंय की हो."

मी डोळे मिटून घेतले.

"वाजणारच," आबा म्हणाले. "चार थाऊ जागा ठेवलीय. पोरीने हिशेब करून ठेवलीय. तापू दे, मग बोल. तुला काय कळतं इंजिनातलं?" शिंपी आला तसा परत गेला. आबांनी स्क्रूड्रायव्हर ब्लॉकला लावला, मूठ कानाला लावली आणि ती खडखड असं तोंड वाकडं करून ऐकत राहिले, की जणू कडू औषध घोट घोट पीत असावेत. पण कान काढला नाही.

दुसऱ्या दिवशी धावपट्टीवर मेव्हण्याचं काय झालं, ते डॉक्टर अजून प्रत्येक पेशंटला सांगतात, तोंडात कापूस घालून झाल्यावर, त्यामुळे मध्ये कुणी टोकू शकत नाही. ते मी सांगत नाही. मला ती सकाळच जास्त आठवते.

हळूहळू आवाज पातळ झाला. आधी खडखडीत फटी पडल्या, मग नुसती टिकटिक उरली. आबांनी डोळे उघडले. चहा नव्हता, कप नव्हता, हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. त्यांनी स्क्रूड्रायव्हर उलटा केला आणि मूठ माझ्याकडे धरली. मी ती कानाला लावली. मुठीला त्यांच्या कानाची ऊब होती. पलीकडे पिस्टन एकेक करून आपापल्या जागी बसत होते.

"जाऊ दे?" आबांनी विचारलं.

चौथा अजून किंचित वाजत होता.

"थांबा," मी म्हटलं. "अजून नीट तापलं नाही."

आबा थांबले.